तीन महिने कुणाला सांगू नकोस

पाळी चुकते, पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि पहिल्या आनंदामागोमाग सूचना येते: तीन महिने कुणाला सांगू नकोस. ती आईची असते, सासूची असते, कधी मोठ्या जावेची. कारणं दोन सांगितली जातात. एक, दृष्ट लागते. दुसरं जरा हलक्या आवाजात: काही झालंच, तर उगाच चार लोकांना तोंड द्यायला नको.

आता शरीराचं वेळापत्रक पाहू. गर्भारपणातली मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. नवव्या आठवड्याच्या सुमारास ती कळसाला पोचते आणि बहुतेकींची चौदा-सोळा आठवड्यांत ओसरते. दहापैकी सात-आठ जणींना ती कमीअधिक होतेच. नाव 'मॉर्निंग सिकनेस' असलं तरी फक्त सकाळपुरता त्रास असणाऱ्या फार थोड्या. बाकीच्यांना दिवसभर, रात्रीसुद्धा.

म्हणजे ज्या तीन महिन्यांत गप्प राहायचं, नेमके तेच तीन महिने सगळ्यांत वाईट जातात. सातव्या महिन्यात पोट दिसायला लागल्यावर एसटीत जागा मिळते, हातातली पिशवी कुणीतरी घेतं. दुसऱ्या महिन्यात जिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नाही, तिचं पोट मात्र सपाट असतं. तिच्याकडे पाहून कुणाला काही कळत नाही, आणि तिने काही सांगायचं नसतं.

प्रश्न इथेच आहे. जो त्रास दिसत नाही, सिद्ध करता येत नाही आणि ज्याचं कारण सांगायचीही सोय नाही, त्याबद्दल आपण एकमेकांचं काही देणं लागतो का?

भिवंडीतला दुसरा महिना

प्रश्न हवेत राहू नये म्हणून भिवंडीत उभा करून पाहू. भिवंडी म्हणजे यंत्रमाग, आणि आता मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ अशी पसरलेली गोदामं. मुंबई-ठाण्यात तुम्ही मोबाइलवर मागवलेली वस्तू दारात येण्याआधी बऱ्याचदा इथल्या एखाद्या गोदामातून गेलेली असते. माग चालवणारे बहुतेक पुरुष, त्यातले कितीतरी परप्रांतातून आलेले. बायकांच्या वाट्याला मागाच्या अवतीभवतीचं काम येतं: कांड्या भरणं, तयार कापडाचे लोंबते धागे कापणं, घड्या घालणं. गोदामात माल निवडणं, पॅक करणं, लेबल चिकटवणं. काही काम कारखान्यात, काही घरातच. पैसे नगावर, नाहीतर रोजावर.

समजा, शांतीनगरात राहणारी चोवीस वर्षांची एक बाई आहे आणि तिला दुसरा महिना आहे. या दिवसांत वास अंगावर येतात, आणि इथे वासांची कमी नाही. सायझिंगमधल्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा, उघड्या गटाराचा, शेजारच्या खोलीतल्या कांद्याच्या फोडणीचा. कुठलंही पुस्तक उघडा, पहिला सल्ला असतो: ज्या वासाने मळमळतं त्यापासून लांब राहा. सल्ला चुकीचा नाही. तो फक्त अशा घराला दिलेला आहे, ज्यात दुसरी खोली आहे.

दुसरा सल्ला: एकदम पोटभर जेवू नका, दर दीड-दोन तासांनी थोडंथोडं खा. हाही बरोबर. पण दर दोन तासांनी हात थांबवायचा, तर तेवढे नग कमी भरतात. तिसरा सल्ला: विश्रांती घ्या. रोजावर काम करणाऱ्या बाईच्या भाषेत विश्रांतीला 'खाडा' म्हणतात, आणि खाड्याचे पैसे मिळत नाहीत.

ठेकेदाराला खरं कारण सांगावं, तर तो पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस म्हणू शकतो. म्हणजे दृष्ट लागण्याच्या भीतीइतकंच गप्प राहण्याचं हेही कारण आहे: काम जाईल. हे फक्त गोदामात घडतं असं समजू नका. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये कॅमेरा बंद करून मीटिंगला बसलेली आणि मधूनच म्यूट करून बाथरूमकडे धावणारी मुलगीही हाच हिशेब करत असते. आता सांगितलं तर नवीन प्रोजेक्ट मिळेल का? तिचा पगार मोठा आहे आणि एसी आहे, पण गणित तेच.

गंमत अशी की सरकार याच्या अगदी उलट सांगतं. आशाताई घरी येऊन सांगतात, बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा. त्यावर माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू होतात, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासलं जातं. घर म्हणतं बारा आठवडे वाच्यता नको. आरोग्य खातं म्हणतं बारा आठवड्यांच्या आत कळवा. मधे उभी असलेली बाई बहुतेक वेळा घराचं ऐकते, कारण आशाताई महिन्यातून एकदा येतात आणि सासू रोज समोर असते.

डोहाळे या शब्दात दडलेलं

मराठीत या काळासाठी एक सुंदर शब्द आहे: डोहाळे. तो आला संस्कृत-प्राकृतातल्या 'दोहद' वरून. त्याची परंपरेने सांगितली जाणारी फोड आहे 'दोन हृदयं'. सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, म्हणून त्या काळातली स्त्री दोन हृदयांची, 'दौहृदिनी'. तिच्या इच्छा एकटीच्या नसतात, म्हणून त्या पुरवायच्या. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, हे आजही आपल्याकडे थट्टेत का होईना, बोललं जातं.

पण या शब्दाची दुसरीही एक व्युत्पत्ती आहे. मोनियर-विल्यम्स यांचा प्रसिद्ध संस्कृत कोश म्हणतो की 'दोहद' हे बहुधा 'दौर्हृद' चं प्राकृत रूप आहे, आणि त्याचा मूळ अर्थ काळजात होणारी कालवाकालव, म्हणजेच मळमळ. ही व्युत्पत्ती खरी धरली, तर डोहाळे म्हणजे आधी ओकारी आणि मग चिंचेची हौस.

कोणती फोड बरोबर, ते भाषातज्ज्ञांनी ठरवावं. आपल्यापुरतं लक्षात घेण्यासारखं आहे ते पुढे काय झालं ते. शब्दाच्या दोन शक्यतांपैकी आपण एक उचलली आणि तिचा सण केला. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, नाव, चांदण्यातलं डोहाळजेवण. भिवंडीत तर हा सोहळा कितीतरी भाषांत होतो: कुठे डोहाळजेवण, पद्मानगरच्या तेलुगू घरांत श्रीमंतम, मुसलमान घरांत सतवासा. सगळे साधारण सातव्या महिन्याच्या आसपास. तोवर मळमळ बहुधा थांबलेली असते, चेहऱ्यावर तेज आलेलं असतं, फोटो चांगले येतात. दुसरा अर्थ, काळजातल्या कालवाकालवीचा, मोरीत राहिला.

सणांवर माझा राग नाही. बाईचं कौतुक होण्याचे प्रसंग तसेही कमीच असतात. पण समाज कशाचा उत्सव करतो आणि कशावर पडदा टाकतो, यावरून तो कोणतं दुखणं खरं मानतो, हे कळतं.

रेणू सापडेपर्यंत

'मनावर घेऊ नकोस', 'आम्हाला नाही झालं असलं काही', 'लाड करून घेते'. ही वाक्यं फक्त आपल्या घरांतली नाहीत. विसाव्या शतकात बराच काळ मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालचे काही डॉक्टर पाश्चात्त्य देशांत असं मानत की गर्भारपणातल्या तीव्र उलट्या म्हणजे त्या बाईच्या मनाने नाकारलेलं मूल, किंवा नवऱ्याबद्दलची नावड. म्हणजे ती आजारी तर होतीच. वर आरोपीही झाली.

मार्लेना फेजो या अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ. १९९९ मध्ये दुसऱ्या गर्भारपणात त्यांना इतक्या भयंकर उलट्या झाल्या की त्यांना हलताही येईना. ते बाळ त्यांनी गमावलं. लक्ष वेधून घेण्यासाठी तुम्ही हे वाढवून सांगता आहात, असं डॉक्टरांनी सुचवल्याचं त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं आहे. पुढची वीसेक वर्षं त्यांनी याच प्रश्नावर काढली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं आणि केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली यांच्या गटाचं संशोधन 'नेचर' मध्ये आलं.

त्याचा सारांश सोपा आहे. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आपल्या सगळ्यांच्या शरीरात थोडं असतं. गर्भारपणात गर्भ आणि वार ते मोठ्या प्रमाणावर आईच्या रक्तात सोडतात. ते मेंदूच्या देठाजवळच्या एका भागावर काम करतं आणि मळमळ, उलटी सुरू होते. जिच्या शरीराला या संप्रेरकाची आधीपासून सवय कमी, तिला त्याची अचानक आलेली लाट जास्त सोसत नाही. उलट थॅलेसेमियासारख्या आजारात ज्यांच्या रक्तात ते कायमच जास्त असतं, त्या बायकांना गर्भारपणात हा त्रास फार कमी होतो. म्हणजे जावेला झालं नाही आणि हिला झालं, यात जाऊ सोशिक आणि ही नाजूक असं काही नाही. दोघींच्या रक्ताचा इतिहास वेगळा आहे.

हा शोध मोठा आहे आणि त्यातून पुढे औषधं निघतील अशी आशा आहे. पण त्यात एक बोचही आहे. हजारो वर्षं बायका सांगत होत्या की हे आम्हाला होतंय, आणि त्यांच्यावर विश्वास बसायला एका रेणूचं नाव लागलं. समजा, तो रेणू सापडलाच नसता. मग ती मळमळ खोटी ठरली असती का? तेव्हा विश्वास आधी आणि शोध नंतर, हाच क्रम बरोबर. फेजो यांचंही तसंच झालं: आधी त्यांनी स्वतःच्या शरीरावर विश्वास ठेवला.

चांगल्या कारणासाठी सोसणं

यावर घरातलं एक जुनं उत्तर असतं, आणि ते मायेने दिलेलं असतं: उलट्या होतात म्हणजे बाळ चांगलं धरलंय. यात तथ्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी गर्भपात झालेल्या स्त्रियांमध्ये ज्यांना मळमळ होत होती, त्यांचा गर्भ पडण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी दिसलं. काही जीवशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की गर्भाचे अवयव घडत असताना आईने बाधक अन्नापासून लांब राहावं, म्हणून निसर्गाने ही सोय केली. (आणि ज्यांना मळमळ होत नाही त्यांनी घाबरू नये, त्यांचीही गर्भारपणं सुखरूप पार पडतात.)

पण 'याचं कारण चांगलं आहे' इथून 'म्हणून गप्प सोस' इथे कसं जाता येतं? मधली पायरी कुठे आहे? बाळंतकळांचंही कारण चांगलंच असतं. म्हणून कुणी सुईण दाराशी थांबवत नाही. तापाचंही शरीराला काम असतं. तरी आपण कपाळावर पट्टी ठेवतो. एखाद्या वेदनेला उपयोग आहे, हे तिच्याबद्दलचं एक तथ्य झालं. ती एकटीने भोगावी की वाटून घ्यावी, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर निसर्ग देत नाही. ते आपण द्यायचं असतं.

'नैसर्गिक आहे' हे वाक्यही असंच. पाऊस नैसर्गिक आहे. छत्री धरायची की नाही, ते आपल्यावर.

औषधांच्या बाबतीत तर 'काही घेऊ नकोस' हेच शहाणपण मानलं जातं. त्यामागे खरा इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गर्भवतींना मळमळीसाठीही दिलं गेलं आणि जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्माला आली. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं. त्या धक्क्याने जग सावध झालं, आणि ते योग्यच होतं.

पण या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरात होती. तिच्यावर खटले झाले आणि १९८३ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढली. व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. वाढलं ते तीव्र उलट्यांमुळे दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण. पुढच्या अभ्यासांत ती सुरक्षित ठरली आणि २०१३ मध्ये पुन्हा मंजूर झाली. भारतातले डॉक्टरही ती देतात. धडा असा की काहीच न करणं ही निवडसुद्धा निर्दोष नसते. तिची किंमत असते. फक्त ती दुसरंच कुणीतरी मोजतं.

म्हणून साध्या गोष्टी स्पष्ट बोललेल्या बऱ्या. उठायच्या आधी अंथरुणातच दोन घास कोरडं, कुरमुरे, खारी, टोस्ट, काहीही. जेवताना भरपूर पाणी न पिता मधल्या वेळात घोट घोट. आल्याचा बऱ्याच जणींना उपयोग होतो. फोडणी दुसऱ्या कुणीतरी द्यावी, आणि तो 'दुसरा कुणीतरी' नवरा असायला हरकत नाही. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडे जावं. मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेऊ नये. चोवीस तास पाणीही टिकत नाही, लघवी फार कमी आणि गडद होते, उभं राहिल्यावर अंधारी येते, उलटीत रक्त दिसतं किंवा वजन भराभर उतरतं, यांपैकी काहीही झालं तर ते 'होतंच असं' नाही. शंभरात एक-दोघींना ही मळमळ आजाराचं रूप घेते. सलाइन आणि जीवनसत्त्वं वेळेवर न मिळाल्यास ती जिवावर बेतू शकते. अशा बाईला तीन महिने थांब म्हणणं म्हणजे माया नव्हे.

हिशेब कुणाच्या वहीत

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीकामगार स्त्रियांसाठी मातृत्व लाभाचं विधेयक आलं तेव्हा त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा इथे नेमका लागू पडतो. त्यांचं म्हणणं असं होतं की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे. म्हणून या विश्रांतीचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण त्या स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण सुटता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला. २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली.

त्या सव्वीसपैकी बाळंतपणाआधी घेता येतात जास्तीत जास्त आठ आठवडे, म्हणजे पोट दिसायला लागल्यानंतरचे. गर्भारपणामुळे आजार झाला तर आणखी एक महिन्याची रजा कायद्यात आहे, पण पुरावा द्यावा लागतो. आणि हे सगळं हजेरीपटावर नाव असणाऱ्या बाईसाठी. घरी बसून कांड्या भरणारीचं नाव कुठल्याच पटावर नसतं. कायद्यानेही नकळत तोच क्रम पाळला आहे जो आपल्या सणांनी पाळला: दिसेल त्याची दखल, दिसत नाही ते तिचं तिने पाहावं.

मग उपाय काय? सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करावं? मला तसं वाटत नाही. समजलेल्या गर्भारपणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. ते दुःख कुणासमोर उघडं करायचं, हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचा आहे. शिवाय जिचं काम जाऊ शकतं, तिला 'मोकळेपणाने बोल' असं सांगणं हे दुसऱ्याच्या जिवावरचं शौर्य आहे. गप्प राहणं हा तिचा हक्क असेल तर ते तिचं संरक्षण आहे. गप्प राहणं हा नियम असेल, तर ती शिक्षा आहे.

म्हणून प्रश्न तिने सांगावं की नाही, हा नाहीच. तिने न सांगताही तिला मदत मिळेल का, हा आहे. एखादी बाई म्हणाली, 'आज बरं वाटत नाही, जरा बसते', तर एवढं वाक्य पुरेसं मानणारं घर, कारखाना, ऑफिस आपण बनवू शकतो का? का बरं नाही, काय झालं, कितवा दिवस, सर्टिफिकेट कुठे, असं काही न विचारता?

यावर हरकत ठरलेली: मग कुणीही उठून बसेल. बसेलही. पण दोन्ही बाजूंच्या चुका तोलून पाहा. खोटं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला तर अर्ध्या तासाचं काम जातं. खरं बोलणारीवर अविश्वास दाखवला तर ती उलट्या गिळत उभी राहते, पाणी पिणं टाळते (कारण पुन्हा बाथरूमला जावं लागेल) आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडते. पहिल्या चुकीची किंमत मालक देतो, दुसरीची ती. हे तोलल्यावरही आपण दुसरीच चूक निवडत असू, तर ती सावधगिरी नाही. कुणाचं नुकसान महत्त्वाचं, हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आणि अशा विश्वासाचा फायदा फक्त गर्भवतीला होत नाही. पाळीच्या दुखण्यातली मुलगी, मायग्रेन असलेला मुलगा, रात्रभर झोप न लागलेला मागवाला, ज्यांचं दुखणं दिसत नाही त्या सगळ्यांना तेच वाक्य उपयोगी पडतं. दुसऱ्या महिन्यातल्या बाईसाठी ठेवलेलं स्टूल बाकीच्यांनाही बसायला मिळतं.

तुम्ही विशी-तिशीत असाल तर येत्या काही वर्षांत तुमच्या घरात, टीममध्ये किंवा शेजारच्या मशीनवर अशी कुणीतरी असणार, आणि तुम्हाला ते कळणार नाही. डब्याचं झाकण उघडल्यावर ती उठून लांब जाईल. सलग तिसऱ्या दिवशी उशिरा येईल. तेव्हा तिच्याकडून कारण काढून घ्यायची गरज नाही. डबा जरा लांब नेऊन उघडा, तिच्या वाटणीचं एखादं जड खोकं उचला, पाण्याची बाटली पुढे सरकवा. सांगायचं की नाही आणि कधी, ते तिचं ती ठरवेल.